पलंग नव्हे, टेबल

१२ नोव्हेंबर १९७८, रविवार

खोली मिळाली. काळेवाडीत, अर्जुनरावांच्या नव्या चाळीतली शेवटची. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, दाराशी नळ. लहान आहे, पण दार लावलं की बाहेरून आतलं काही दिसत नाही. मला तेवढंच पाहिजे होतं.

रोज लिहीन असं नाही. भांडावंसं वाटेल आणि समोर कुणी नसेल, तेव्हा लिहीन. म्हणजे बहुतेक बरंच लिहून होईल.

पुण्याच्या दवाखान्यात शेक-मालिशच्या खोलीत मी आठ वर्षं काढली. शेवटी तिथल्या मोठ्या बाईंनी फर्मावलं, रविवारी साहेबांच्या बंगल्यावर जाऊन मेमसाहेबांचे पाय चोळून ये. मी म्हटलं, मेमसाहेबांनी इथे यावं, रांगेत बसावं, मी चोळते. "शमीम, तुझी जीभ फार चालते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, काम हातानं करते, जिभेनं नाही. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

आता स्वतःचं. फक्त बायकांसाठी मालिश आणि शेक. माझा नवरा जहीर गेल्यापासून मी पिंपरीत धाकट्या भावाकडे, मन्सूरकडे राहते. त्याचं गॅरेज आहे. तो म्हणाला, "आपा, मालिश म्हटलं की लोक काय समजतात ठाऊक आहे ना?"

"समजू देत," मी म्हटलं. "दुखतं ते बायांचं. लोकांचं काय जातंय?"

जोडीला गिरजाबाई येणार आहे. पिंपळे गुरवची, साठी उलटलेली. आसपासच्या गावांतली निम्मी माणसं तान्ही असताना तिच्या पसरलेल्या पायांवर पालथी पडून न्हाली आहेत. हात सोन्याचा, पण तोरा केवढा. काल बाजारात अगदी समोरून आली, मी हसले, तर ओळखही दाखवली नाही. हाक मारली तेव्हा म्हणते, "अगं, तू व्हय." मोठेपणाला काही सीमा?

१५ नोव्हेंबर, बुधवार

तेल, टॉवेल, शेकाच्या पिशव्या कशाही जमतील. अडतंय ते निजवायच्या जागेशी. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मूठ येते तेवढं उंच टेबल पाहिजे. त्याहून ठेंगणं असलं तर मालिश करणारीची कंबर जाते, उंच असलं तर हाताला जोर येत नाही. भरल्या अंगाची बाई कुशीवर वळली तर पडायला नको इतकं रुंद. आणि चढायला पायरी.

पुण्यात दवाखान्याचं सामान विकणाऱ्याच्या दुकानात गेले. काचेत पांढरंशुभ्र टेबल होतं. मी त्यावर हात ठेवला तर दुकानदार म्हणाला, "डॉक्टर कोण आहेत तुमचे? त्यांना पाठवा."

"घेणार मी आहे."

"बाई, हे तपासणीचं टेबल आहे."

"मग मला तपासू द्या ना."

किंमत ऐकली आणि निघाले. त्याला वाटलं मी वरमले. वरमले नव्हते, मनातल्या मनात शिवी निवडत होते.

तिथून जुन्या बाजारात. बुधवार होता, बाजार भरलेला. बंद पडलेल्या कुठल्याशा दवाखान्याचं एक टेबल मिळालं, लोखंडी, गंजलेलं, पण पायाला भक्कम. माझ्या ऐपतीतलं. विकणारा म्हणाला, डोळे झाकून घ्या. मी म्हटलं, थांबा. चपला काढल्या आणि चढून त्यावर आडवी झाले. भर बाजारात. लोक गोळा झाले. कुणीतरी विचारलं, "बाई बेशुद्ध पडली काय?" मी एकदा उजव्या कुशीवर वळले, एकदा डाव्या. डावा हात लगेच खाली लोंबकळला. माझ्यासारखी काडी मावत नाही, तर इथल्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या बायका कुठून मावणार? उठले, पदर सारखा केला, म्हटलं, "अरुंद आहे." आणि निघाले. घरी सांगितल्यावर मन्सूरनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

१९ नोव्हेंबर, रविवार

टेबलाचा प्रश्न मिटवला. गॅरेजच्या माळ्यावर आमचा पलंग पडून होता, माझा आणि जहीरचा. सागवानी. मी म्हटलं, लाकूड ते लाकूड. हातगाडीवर घालून खोलीवर आणला.

उतरवताना अर्जुनराव आले. माणूस वाईट नाही. कालपर्यंत शेती करत होता, जमिनीत चाळ बांधली आणि मालक झाला. पलंगाकडे बघत राहिले.

"ताई, खोलीत पलंग?"

"मालिशसाठी."

"न्हाई चालायचं. हमरस्ता जवळ हाय. ट्रकवाली येत्यात-जात्यात. एकटी बाई, आन् खोलीत पलंग. लोक काय म्हनतील?"

"लोकांच्या घरी पलंग नाहीत?"

"घरात हायेत. दुकानात न्हाईत."

मी म्हटलं, भाडं खोलीचं घेता, आत काय ठेवायचं ते मी ठरवणार. ते मान हलवत गेले. खरं सांगायचं तर पलंग ठेंगणा आहे हे मला उतरवतानाच दिसलं होतं. सकाळी कुणी सांगितलं असतं तर परतही नेला असता. आता नाही नेणार. अर्जुनराव नको म्हणतात ना, मग पलंगच राहणार.

दुपारी गिरजाबाई आली. भर उन्हात, उघड्या दारातून आत आली आणि थेट पलंगावर नडगी आपटली. "हे काय मधी आनून ठिवलंस," म्हणून माझ्यावरच चिडली. तिला मुळात पलंगही नको, टेबलही नको. खाली चटई पाहिजे. "जिमिनीवर कुठं बी हात टाकला तरी जिमीनच लागती. हे तुझं समदं अधांतरी."

जुनी माणसं. नवं काही बघायलाच तयार नाहीत.

२७ नोव्हेंबर, सोमवार

आठवडा झाला. बायका येतात, दारातून आत बघतात, "बघू नंतर" म्हणतात आणि जातात. निजली फक्त एक. सुमनताई, औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहेत, शिफ्टभर उभं राहून पाय सुजतात. त्याही पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या, पाठ टेकेनात. मी वाकून वाकून मालिश केली. आता माझीच कंबर धरली आहे.

जाताना हळूच मला म्हणाल्या, "म्हाताऱ्या बाईंना दिसतं ना नीट? तेल वाटीऐवजी फरशीवर ओतत होत्या." मी हसले. गिरजाबाईला न दिसायला काय झालं? माझ्या चुका तर तिला दोन कोसांवरून दिसतात.

संध्याकाळी तिनं तेच केलं. दाराशी उजेडात बसली होती, नेहमीसारखी. म्हणाली, "शमीम, बाया का परत जात्यात, म्हाईत हाय?"

"तुमच्या तोंडाकडे बघून."

"पलंग बघून. आगं, त्या घरी बी पलंगावर निजत न्हाईत. पलंग नवऱ्याचा. ही खाली वाकळ टाकून निजती. नवऱ्यानं बोलावलं तर वर जायाचं, न्हाईतर न्हाई. आन् तू दिवसाढवळ्या तिला पलंगावर चढ म्हनतीस."

मी टॉवेल पिळायला घेतले. मग ती म्हणाली, "आन् हा तर तुझा सोताचा."

तेव्हा मात्र मी बोलले. म्हटलं, तुम्हाला पटत नसेल तर उद्यापासून येऊ नका. ती उठली, भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत गेली, तिथे जरा थांबली. मी थांबवेन असं वाटलं असेल. मी टॉवेल पिळत राहिले.

३० नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवारी इथल्या कंपन्यांना सुट्टी. रस्त्यावर ही गर्दी. खोलीत मी, पलंग आणि माझी कंबर.

३ डिसेंबर, रविवार

पलंग काढणार. गिरजाबाई म्हणाली म्हणून नाही. अर्जुनराव म्हणाले म्हणून तर नाहीच. कंबर म्हणाली म्हणून.

जवळच रहिमानभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांना खडूनं फरशीवर टेबल काढून दाखवलं. एवढं उंच, एवढं रुंद, खाली आडव्या पट्ट्या, बाजूला पायरी. ते म्हणाले, "लोखंड भंगारातून घेऊ, स्वस्त पडेल. वरची फळी मात्र चांगली पाहिजे, नाहीतर करकर वाजेल. सागवान महाग आहे, आपा."

मी म्हटलं, सागवान आहे.

९ डिसेंबर, शनिवार

सुतारानं पलंग सुटा केला. नक्षीचं डोक्याकडचं लाकूड त्यानं बाजूला ठेवलं, म्हणाला, हे जपून ठेवा. मी म्हटलं, मापात बसत असेल तर तेही कापा. त्यानं करवत लावली तेव्हा मी चहा सांगायला बाहेर गेले. चहाचं दुकान समोरच आहे. मी मुद्दाम पुढच्या चौकातल्या दुकानात गेले, त्याचा चहा बरा असतो.

मग हमरस्त्यावर ट्रकच्या सीटा शिवणारा लक्ष्मण आहे, त्याच्याकडे. आत काथ्या, वर रेक्झिन. त्यानं लाल दाखवलं, मी हिरवं घेतलं. ड्रायव्हर बसून कंटाळत नाही तर बाई निजून कशी कंटाळेल?

येताना पिंपळे गुरवला गेले. तिळाचं तेल कुठून आणायचं ते विचारायला. गिरजाबाई अंगणात तांदूळ निवडत होती. निवडत कसली, सुपात बोटं फिरवत होती. तांदळात खडे तसेच. मी शेजारी बसून खडे काढले. तेलाचं बोलणं झालं. दोघींपैकी कुणीच दुसरं काही काढलं नाही. निघताना म्हटलं, "टेबल होतंय. हिरवं आहे."

"हिरवं काय आन् पिवळं काय," ती म्हणाली. "कडेला खिळं मारलंत का? पितळंचं, वर डोकं येतंया तसलं. हाताला लागाय पायजेत. पार समद्या कडंनी."

या वयात हौस बघा. लक्ष्मणला सांगून मारून घेतले. तो कुरकुरला, पण शोभा आली हे खरं.

१३ डिसेंबर, बुधवार

आज टेबल उभं राहिलं. गल्लीतून अख्खी चौकट वळेना, म्हणून रहिमानभाईंनी पाय सुटे आणले आणि गॅसचं सिलिंडर हातगाडीवर घालून खोलीतच वेल्डिंग केलं. वर फळ्या, वर गादी. रहिमानभाई, मन्सूर आणि लक्ष्मण तिघेही एकदम त्यावर चढून उभे राहिले. हूं की चूं नाही.

ते गेल्यावर दार लावून मी निजले. उताणी, पालथी, कुशीवर. हात लोंबकळला नाही. सागवान तेच, पण आता ते कुणाचा पलंग नव्हतं. जरा वेळ तशीच पडून राहिले. किती वेळ ते लिहीत नाही.

संध्याकाळी गिरजाबाई आपण होऊन आली. टेबलाभोवती पूर्ण फेरी मारली, खिळ्यांवरून बोटं ओढत. म्हैस विकत घेणाऱ्यानं पाठीवरून हात फिरवावा तशी. पुन्हा उलटी फेरी मारली. मग म्हणाली, "आता कळलं कुठं सुरू हुतंया आन् कुठं संपतंया." तिच्या तोंडून याहून जास्त कौतुक मी ऐकलेलं नाही.

१८ डिसेंबर, सोमवार

बायका निजायला लागल्या. टेबलाला पायरी आहे, गादी हिरवी आहे, उंच आहे, कुणाच्याच घरी असं काही नाही. त्यामुळे लाजायचं कशाला, हेच कुणाला सुचत नाही. सुमनताईंनी आपल्या शिफ्टमधल्या बायका आणल्या. एकजण मालिश चालू असताना झोपली आणि घोरली. उठवल्यावर रडवेली झाली. म्हणाली, लग्न झाल्यापासून दिवसा कधी झोपले नव्हते.

गिरजाबाईची चलाखी मात्र ध्यानात आली आहे. मी पाय करायचे ठरवले की ती डोकं घेते, आणि एकदा हात ठेवला की जागचा काढत नाही. कोण आलंय ते आधी मला विचारते, मग त्या बाईशी असं बोलते जणू लांबूनच ओळखलं. पण मान धरलेली बाई तिच्या हाताखाली एका दमात सैल होते. दवाखान्यात एवढी वर्षं काढून मला ते येत नाही. तिला ते सांगणार नाही. आधीच तोरा कमी आहे का?

२१ डिसेंबर, गुरुवार

हे नीट लिहायचं आहे.

सुट्टीचा दिवस, बाहेर ओट्यावर बायकांची रांग. आत टेबलावर सुमनताई. दारावर थाप पडली. उघडलं तर अर्जुनराव, बरोबर चाळीतला विलास आणि आणखी एकजण.

"ताई, खोली खाली करा. आजच."

"का?"

"रविवारी चाकनहून माझ्या पोरीला बघाया पाव्हनं यायचं हायेत. त्यांच्या कानावर गेलंय, चाळीत मालिश चालती म्हून. त्यांनी निरोप धाडला, खरं काय ते कळवा. मी काय कळवू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. रात्रभर झोप नसावी.

क्षणभर मला वाईट वाटलं. क्षणभरच.

"खरं ते कळवा," मी म्हटलं. "बायका येतात, पाय दुखतात म्हणून. बघा ना, ओट्यावर बसल्या आहेत. यातली कोण वाईट दिसते, बोटानं दाखवा."

त्यांनी ओट्याकडे बघितलं नाही. विलासला म्हणाले, "टेबल भाईर काढ."

"आत बाई आहे. ती साडी नेसेपर्यंत कुणी उंबरा ओलांडायचा नाही."

मी दारात उभी राहिले, हाताला तेल. सुमनताईंनी इतक्या निवांत निऱ्या घातल्या की माझं लग्न असतं तर एवढ्या वेळात लागून गेलं असतं. मग बाहेर आल्या, तिघांकडे बघितलं आणि ओट्यावर जाऊन बसल्या. घरी गेल्या नाहीत.

विलास आणि दुसऱ्यानं टेबल उचललं. दारात आणलं. अडकलं. आडवं केलं, अडकलं. उभं केलं तर वर चौकटीला लागलं. मग ते ना आत ना बाहेर असं दारात रुतून बसलं. ओट्यावर कुणीतरी फिस्स केलं.

"ह्ये आत नेलं कसं?" अर्जुनरावांनी विचारलं.

"आतच बनवलं. टेबल माझं आहे, भिंत तुमची. काय मोडायचं ते ठरवा."

"ताई, माज करू नगा."

तेव्हा आतून आवाज आला. गिरजाबाई स्टुलावर बसली होती. इतका वेळ तिनं तोंड उघडलं नव्हतं, मला तिचा रागच आला होता.

"कोन ह्यो? अर्जुना का रं?"

अर्जुनराव एक पाऊल मागे सरले.

"आवाजावरनं वळखलं. लहानपनी बी आसाच किंचाळायचास. तुला या पायांवर पालथा टाकून मी मळलाय. डोस्कं पार वाकडं हुतं तुझं, तेल लावून लावून गोल केलं. तवा तुझ्या आयनं मला इचारलं न्हाई, मालिश चांगल्या घरची आसती का म्हून."

विलास भिंतीकडे बघायला लागला.

"पाव्हन्यांना कळीव," गिरजाबाई म्हणाली. "म्हनावं, मालिश चालती. गिरजा करती. चाकनच्या त्या घरातली पोरं बी मीच मळली आसतील, नाव सांग म्हंजे सांगती."

अर्जुनरावांनी विलासला बाजूला केलं. मग त्यांनी स्वतःच टेबलाला खांदा लावला. मला वाटलं बाहेर ओढतायत. त्यांनी ते आत ढकललं. फरशीचा एक कोपरा उडाला. तो भाड्यात धरू नका, मी म्हटलं. ते निघून गेले.

दार उघडंच ठेवून मी म्हटलं, पुढची कोण?

२५ डिसेंबर, सोमवार

काल पाहुणे आले. मी खोली उघडी ठेवली. बंद ठेवा असं कुणी नीट येऊन सांगितलं असतं तर विचार केला असता. नाही, केला नसता.

पाहुण्यांतली एक वयस्क बाई जाता जाता दारात उभी राहिली आणि विचारती झाली, गुडघ्याचं करता का. मी म्हटलं, करतो आम्ही. पसंतीचं काय झालं ते कळलं नाही. अर्जुनराव सकाळी समोरून गेले, नुसती मान हलवली. पुढे जाऊन परत आले. म्हणाले, "ऱ्हावा. पन बोर्ड लावू नगा. निदान त्यो शब्द नगो."

मी म्हटलं, बघू.

३१ डिसेंबर, रविवार

पेंटर बोलावला. पत्रा रहिमानभाईंनी दिला. पेंटर म्हणाला, "महिला आरोग्य केंद्र असं लिहू? चांगलं दिसतं."

"मालिश लिही. सगळ्यात वर, सगळ्यात मोठं. रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे. खाली, फक्त बायकांसाठी. त्याखाली गिरजाबाई आणि शमीम."

"तुमचं नाव आधी नको का? खोली तुमची."

"ती मोठी आहे," मी म्हटलं. शिवाय अर्जुनरावांना ते नाव वाचून रोज काहीतरी आठवेल, हाही हिशेब होता.

अर्जुनरावांनी लांबून बघितलं. बघू देत.

बोर्ड भिंतीला टेकवून वाळत ठेवला होता, उन्हात, दाराच्या अगदी शेजारी. गिरजाबाई आली, त्याच्यासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नाहीच, म्हणून मीच वाचून दाखवलं. तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "माजं कुठलं?"

"सगळ्यात खालच्या ओळीत, पहिलं. लाल अक्षरं."

ती वाकली, आणि मी रंग ओला आहे, हात लावू नका म्हणेपर्यंत तिनं हात लावला. लाल अक्षरं सोडून भलतीकडेच, वर निळ्या 'मालिश'वर. पार काना-वेलांटीपर्यंत चाचपत गेली, टेबलाचे खिळे चाचपते तशी. बोटं निळी झाली, अक्षर फिसकटलं. पेंटर हळहळला, म्हणाला, पुन्हा काढून देतो.

मी म्हटलं, राहू दे, वाचता येतंय. पण सांगितलेलं ऐकेल तर गिरजाबाई कसली. एवढं समोर दिसत असताना.